संतराममामांचे मोकळे हात

"उद्या साहेब येऊ द्या, नाहीतर साहेबांचे साहेब येऊ द्या! मी घरी बसून, लेकरू मांडीवर घेऊन, तुमची अख्खी संस्था चालवून दाखवते सर!"

शुक्रवारी दुपारी सरितानं तातेराव सरांच्या टेबलावर हात आपटून हे सांगितलं, तेव्हा आभाळात औषधापुरताही ढग नव्हता. दोन हजार नऊ सालचा मार्च. ऊन असं की पत्र्यावर पापड ठेवावा आणि भाजून घ्यावा!

तातेरावांची कॉम्प्युटरची संस्था आखाडा बाळापूरला, खताच्या दुकानाच्या माडीवर. वीस कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, एक शिपाई आणि एक सरिता, एवढा सगळा पसारा. सरिता राहायची कळमनुरीला. रोज नऊला जीप गाठायची आणि संध्याकाळी सहाला परतायची. नवरा रवींद्र औंढ्याकडच्या एका खेड्यात शाळामास्तर, तो तर सातलाच घराबाहेर पडे. सात महिन्यांची ऐश्वर्या दिवसभर आजीजवळ, म्हणजे सरिताच्या सासूबाई पद्माबाईंजवळ.

दुपारी बाराच्या सुमाराला वर्गात 'फाइल कशी उघडायची' हे शिकवता शिकवता सरिताला एकदम पान्हा फुटायचा. मग ती पदर सावरून घ्यायची आणि ओळखायची, तिकडं कळमनुरीत ऐशू उठली. घड्याळ चुकेल, भारनियमनाचं वेळापत्रक चुकेल, पण ही वेळ कधी चुकली नाही!

म्हणून तर ती पैज. शनिवारी परीक्षा केंद्राच्या तपासणीला साहेब येणार होते. तातेराव म्हणाले होते, "म्याडम, तपासणीच्या दिवशी तुमी इथं नसताना समदं बराबर चाललं, तर लेकरू वर्षाचं होईस्तोवर हप्त्यातले चार दिवस घरून काम करा. आपला शब्द! पण न्हाई चाललं, तर रोज यायचं, अन् रविवारची ब्याच बी तुमचीच."

रविवार! आठवड्यात तेवढा एक दिवस लेकराच्या वाट्याला पूर्ण आई यायची. तोही गेला तर पोरगी मोठी होऊन विचारायची, "ह्या बाई कोण?"

पण सरिताला भीती नव्हती. तिच्याजवळ सर्व्हर होता.

सर्व्हर म्हणजे तातेरावांनी औरंगाबादहून आणलेला एक काळा लोखंडी डबा. त्या एका डब्याच्या पोटात सरितानं तीन कॉम्प्युटर वसवले होते. एकात परीक्षेचे पेपर, दुसऱ्यात सराव, तिसऱ्यात निकाल. डोळ्यांना डबा एकच दिसे, पण काम तिघांचं. तिनं हे घरी सांगितलं तेव्हा पद्माबाईंनी गालावर बोट ठेवलं होतं.

"एका पोटात तिळे? अन् दिसून राहिलं न्हाई काईच?"

"दिसत न्हाईत आत्याबाई, पण हायेत. तिघांचा कारभार वेगळा."

"मंग बाई त्या डब्याला जप. तिळ्यांची माय लई थकती."

डब्याच्या पाठीला वायर खुपसायची दोन भोकं होती. एक दार बाहेरच्या जगाचं, म्हणजे इंटरनेटचं. सरिता घरून ह्याच दारानं आत शिरणार. दुसरं दार आतलं, वर्गातल्या वीस कॉम्प्युटरांचं. वायरी उलट्या लागल्या की संपलंच! बाहेरचा आत येत नाही, आतल्यांना पेपर मिळत नाही. सरितानं म्हणून वायरींना चिठ्ठ्या चिकटवल्या. एकीवर 'बाहेर', एकीवर 'आत'. भोकांनाही चिकटवणार होती, तेवढ्यात खालून जीपचा हॉर्न वाजला आणि भोकं तशीच राहिली.

राहू द्या! तिनं त्यापेक्षा भारी बंदोबस्त करून ठेवला होता. एक छोटासा प्रोग्रॅम. सर्व्हर दर पाच मिनिटांनी आपला आपणच डोकावून बघणार, बाहेरच्या दारातून जग दिसतंय का? नाही दिसलं, तर समजायचं कुणीतरी वायरी उलट्या खुपसल्या. मग तो आपलं आपण बाहेरच्या दाराला आतलं म्हणणार, आतल्याला बाहेरचं म्हणणार, पोटातल्या तिघांना धरून नव्या दारांशी नेऊन बांधणार, आणि सात-आठ मिनिटांत गाडी रुळावर!

"आता कोणी कोणतीबी वायर कुठंबी खुपसा," ती शिपाई संतराममामांना म्हणाली होती, "सर्व्हरला कोणाचीच गरज न्हाई. माझीसुद्धा!"

"व्हय म्याडम," संतराममामा म्हणाले. पन्नाशीचा माणूस, झुबकेदार मिशा, आणि हात असे की क्षणभर रिकामे राहिले तर त्यांना खाज सुटायची. बंद पंख्याला ठोकून बघ, चालू घड्याळाला चावी दे, घट्ट बसलेला स्क्रू आणखी पिळ. संस्थेतली एकही वस्तू मामांच्या हातून दुरुस्त झाल्यावाचून मोडली नव्हती!

शनिवार उजाडला. सरितानं पहाटेच न्हाऊन, लेकराला न्हाऊ घालून, खिडकीपाशी कॉम्प्युटर मांडला. आढ्याला झोळी टांगलेली, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला, माऊस हातात. दहाला तिनं सर्व्हरचं दार ठोठावलं. डबा 'या' म्हणाला. तिळे मजेत होते. वर्गात वीस पोरं-पोरी सराव परीक्षेला बसलेली तिला स्क्रीनवर दिसत होती. ऐशू झोळीत पायाचा अंगठा चोखत होती. कसं राज्य चाललेलं!

साडेदहाला आभाळ भरून आलं. अवकाळी! आणि गडगडलं.

आता आमच्या भागात वीज कडाडली की माणूस आधी देवाला हाक मारत नाही, आधी टीव्हीची पिन उपटतो. डिशची वायर, फोनची वायर, जे जे भिंतीला लोंबतंय ते ते उपटायचं आणि मग खाटेवर पाय वर घेऊन बसायचं. पद्माबाईसुद्धा गडगडाट ऐकताच स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आल्या आणि कॉम्प्युटरच्या वायरीला झोंबल्या.

"आत्याबाई! हात लावू नका!" सरितानं त्यांचं मनगट धरलं. "माझी तपासणी चालू हाय!"

"अगं, वीज पडून राहिली! गेल्या साली गल्लीतल्या जळबाचा टीव्ही फुटला, ध्यानात न्हाई का?"

"फुटू द्या! आज वायर हलवायची न्हाई!"

पद्माबाई पुटपुटत परतल्या. सरितानं निश्चिंत होऊन स्क्रीनकडं बघितलं. आपल्या घरची वायर वाचवली म्हणून स्वतःवरच खूश! पण बाळापुरातही तेच आभाळ आहे, तिथंही तोच गडगडाट झाला असणार आणि तिथं संतराममामांचं मनगट धरायला कुणीही नाही, हे काही त्या हुशार डोक्यात आलं नाही.

स्क्रीन गोठली.

सरिता हसली. "चला, वीज चमकली असंल. वायरीचा काही गोंधळ असला तरी आठ मिनिटांत सर्व्हर स्वतः उठून उभा राहील."

आठ मिनिटं झाली. सर्व्हर दिसला! ती "आला गं माझा राजा!" म्हणेस्तोवर गेला.

पुन्हा दहा मिनिटं. दिसला... गेला!

विहिरीत बुडालेली घागर वर यावी, हातात येता येता पुन्हा बुडावी, तसं चाललं होतं. सरितानं संस्थेचा फोन लावला. फोन मेलेला. तातेरावांचा मोबाइल लावला.

"सर, काय झालं? वर्ग बंद हाय का?"

पलीकडून तातेरावांचा गोड, पेढ्यासारखा आवाज आला. "हां हां, बोला पाटील! सोयाबीनचं काय म्हणता?"

"सर, मी सरिता!"

"व्हय व्हय पाटील, साहेब बसलेत ना समोर, च्या घेऊन राहिले. तुमचा माल आला, पर आजून गोदामात बराबर बसून न्हाई राहिला. आमचा माणूस पोती हलवून राहिला ना. दोनच पोती हायेत. ह्या खोलीतलं त्या खोलीत, त्या खोलीतलं ह्या खोलीत... लई कष्टाळू माणूस! तुमी फिकीर करू नका. पर पाटील, जरा लवकर काय ते बघा!" शेवटच्या वाक्याला पेढा संपला आणि मिरची सुरू झाली. फोन कट.

सरिता फोनकडं बघतच राहिली. सोयाबीन? मार्चमध्ये? पोती?

आईचा जीव घाबरला की लेकराला तारेविना कळतं. ऐशूनं झोळीत टाहो फोडला. सरितानं दोरी ओढली. ऐशूनं आवाज चढवला. सरितानं जोरात ओढली. पद्माबाई पुन्हा धावत आल्या आणि पलीकडून झोळीलाच धरून हलवू लागल्या. सरिता इकडून ओढतेय, पद्माबाई तिकडून ढकलतायत, आणि मध्ये पोरगी बैलगाडीतल्या भोपळ्यासारखी आदळतेय! किंकाळ्या अशा की शेजारची सखुबाई भिंतीपलीकडून विचारू लागली, "पोरीला विंचू चावला का वो?"

"सोड!" पद्माबाई ओरडल्या. "दोरी सोड आधी! तू झोका देऊन राहिली, मी बी देऊन राहिली, लेकरानं ऐकावं कोणाचं? एकीनं द्यावा, दुसरीनं हात बांधून बसावं!"

सरितानं दोरी सोडली. झोळी दोनदा डगमगली, मग पद्माबाईंच्या एका लयीत डुलायला लागली. हुंदका... उसासा... आणि ऐशू गप्प.

सरिता मात्र उभी राहिली. डोळे एवढे मोठे!

"आत्याबाई! तिथं बी दोघं ओढून राहिलेत!"

"कुठं?"

"बाळापुरात! संतराममामांनी वीज कडाडल्यावर वायरी उपटल्या अन् उलट्या लावल्या. सर्व्हरनं डोकावून बघितलं, दारं बदलली. पण तिघांना नव्या दाराशी बांधून व्हायला सात-आठ मिनिटं लागतात ना! तेवढ्यात मामा म्हणाले, आजून चालू कसं होईना? त्यांनी वायरी बदलल्या. सर्व्हर बघतो तर पुन्हा उलटं! त्यानं पुन्हा दारं बदलली. मामांनी पुन्हा वायरी! दोन पोती, आत्याबाई, दोन पोती म्हणजे दोन वायरी!"

अरुंद बोळात समोरासमोर आलेले दोन सभ्य पाव्हणे असतात ना, एक डावीकडं सरकतो तर दुसराही तिकडंच, मग दोघंही उजवीकडं, आणि दोघांपैकी कुणीच घरी पोचत नाही. अगदी तसं! आणि त्यातल्या एका पाव्हण्याला हा सभ्यपणा स्वतः सरितानं शिकवलेला.

"मंग त्या संतरामला म्हणावं, हात बांधून बस."

"कसं म्हणू? फोनची वायर बी उपटलेली हाय! अन् साहेबांसमोर सरांना खरं बोलता येईना, मला पाटील म्हणून राहिलेत!"

पद्माबाईंनी खुंटीवरचं टोपडं काढलं, झबलं काढलं, दुपट्याची घडी सरिताच्या खांद्यावर टाकली. मग म्हणाल्या, "घरून चालवणार व्हती ना संस्था? जाय मंग. अन् हिला बी ने, बाराला उठंल, भुकेजंल."

जीपवाला किसनसिंग स्टँडवर बारा माणसं भरून चौदाव्याची वाट बघत होता.

"दादा, निघा ना! लई घाई हाय!"

"तेरा झाले म्याडम. एक शीट कमी हाय."

"हे काय माझ्याजवळ? हिला धरा की!"

किसनसिंगनं टोपड्यात वाकून बघितलं. "मांडीवरल्याची शीट धरत न्हाई आपण. कामधंद्याच्या माणसाची धरतो."

शेवटी कोंबडी घेऊन एक म्हातारा आला आणि जीप हलली. रस्ताभर कोंबडी ऐशूकडं आणि ऐशू कोंबडीकडं टक लावून बघत होती. सरिता घड्याळाकडं. साहेबांना साडेबाराला दुसऱ्या केंद्रावर जायचं होतं.

पावणेबाराला ती धापा टाकत माडी चढली. वर्गात वीस पोरं हाताची घडी घालून, अंधाऱ्या तोंडाच्या स्क्रीनसमोर, शोकसभेला बसावं तशी बसलेली. साहेब तिसऱ्या चहावर. तातेराव साहेबांना खिडकीतून बाळापूरचा बाजार दाखवत होते. वीस मिनिटांपासून दाखवत होते! आणि कोपऱ्यात, सर्व्हरच्या मागं, घामानं निथळलेले संतराममामा. डाव्या हातात 'बाहेर', उजव्या हातात 'आत'.

"मामा! हात लावू नका!" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"बस म्याडम, ही एक डाव! आता बसतंयच!" खट्, खट्. बदलल्या.

"मामा, काढू नका आता! दहा मिनिटं काहीच करू नका!"

"व्हय म्याडम. काहीच करत न्हाई." मामांनी हात मागं बांधले. दोन मिनिटं तशी गेली. मग डावा हात मागून सुटला आणि ओळखीच्या वाटेनं बैल घराकडं निघावा तसा वायरीकडं निघाला. "नुसतं बघतो, घट बसली का."

"मामा!"

"व्हय, व्हय." हात मागं. आता उजवा निघाला! बिचाऱ्यांचा दोष नव्हता. पन्नास वर्षं ज्या हातांना 'कर' एवढंच सांगितलं, त्यांना 'करू नको' कळणार कसं?

सरितानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बांधायला दोरी नाही, कोंडायला खोली नाही. मग तिनं सात महिन्यांची ऐश्वर्या उचलली आणि मामांच्या दोन्ही हातांत ठेवून दिली!

मामा दगड झाले. जन्मात एवढी नाजूक वस्तू दुरुस्तीला आली नव्हती! श्वाससुद्धा जपून घ्यायला लागले. ऐशूनं त्या झुबकेदार मिशांचं क्षणभर निरीक्षण केलं, आणि दोन्ही मुठींनी पकडल्या.

"आयायाय! म्याडम, सोडवा!"

"तुमी हलू नका, ती सोडंल. हललात तर रडंल!"

पाच मिनिटं. मामांच्या डोळ्यांतून पाणी. सर्व्हरनं डोकावून बघितलं. सात मिनिटं. मामांची मान वाकडी. सर्व्हरनं तिळ्यांना धरून नव्या दाराशी बांधलं. दहा मिनिटं... आणि पहिल्या रांगेतल्या रुपाची स्क्रीन उजळली. मग तिच्या शेजारची. मग दिवाळीच्या पणत्यांसारखी अख्खी रांग! वीस पोरांनी असा गलका केला की खालून खतवाला विचारायला वर आला.

सरितानं कीबोर्डला बोटही लावलं नव्हतं.

साहेब उठून आले. "झालं का चालू? कोणी केलं?"

तातेरावांची छाती शर्टात मावेना. "आमच्या म्याडमनी, साहेब! घरून! म्या म्हणलं नव्हतं? इथं येतच न्हाईत त्या!"

"कमाल आहे! आणि ह्या कोण?" साहेबांनी सरिताकडं बोट केलं.

तातेरावांनी मामांच्या हातातल्या ऐशूकडं बघितलं. "ह्या... ह्या त्या लेकराच्या आई."

खोटं एक अक्षर नव्हतं! सरितानं नमस्कार केला आणि लेकराच्या आईसारखी उभी राहिली.

"मॅडमना फोन लावा," साहेब म्हणाले. "अभिनंदन करायलाच पाहिजे."

तातेरावांना नाही म्हणता येईना. त्यांनी सरिताच्या घरचा नंबर लावला आणि मोबाइल साहेबांच्या हाती दिला. सरितानं डोळे मिटून घेतले.

"हॅलो मॅडम! फार छान! हे सगळं घरी बसून कसं सांभाळता तुम्ही?"

पद्माबाईंचा खणखणीत आवाज वर्गभर ऐकू आला. "सांभाळायचं काय बाबा त्यात! दोघांनी मिळून ओढलं की बिघडतं. एकानं चालवावं, दुसऱ्यानं हात बांधून बसावं. म्या सकाळीच सुनेला सांगितलं."

साहेब भारावले. वही काढून त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. "वा! आवाजावरून फार अनुभवी वाटतात!"

"मंग!" तातेराव म्हणाले. "लई जुन्या हायेत लाइनीतल्या."

केंद्र मंजूर! साहेबांची गाडी चिखल उडवत गेली, तसे तातेराव धावत वर आले. सरिता खुर्चीत बसून, पदराआड ऐशूला पाजत होती. बारा वाजून गेले होते. पोरगी चुकचुक करत, एका मुठीत मामांच्या मिशीचे तीन केस धरून, डोळे मिटत होती. कोपऱ्यात मामा ओठ चोळत उभे.

"म्याडम, आपला शब्द म्हंजी शब्द!" तातेराव म्हणाले. "चार दिवस घरी बसा. मंजूर!"

सरिताचा चेहरा उजळला. वीस स्क्रीन एकदम उजळाव्यात तसा!

"पर एक हाय," तातेरावांनी आवाज खाली आणला आणि संतराममामांच्या रिकाम्या, चुळबुळत्या हातांकडं बघितलं. ते हात आत्ताच वायरींच्या दिशेनं निघाले होते. "तुमी न्हाई आलात तरी चालंल. लेकरू तेवढं रोज धाडत जा!"

आता अंगावर पिणारं लेकरू एकटं कसं येणार?

सोमवारी सकाळी नऊला सरिता कळमनुरीच्या स्टँडवर उभी होती. कडेवर ऐशू, खांद्यावर दुपटं. किसनसिंगनं डोकी मोजली, टोपड्याशी येऊन थांबला आणि गंभीरपणे म्हणाला, "म्याडम, आता हिची बी शीट धरावी लागंल. कामाला लागली म्हणून ऐकलं!"